माळेतला पुढचा मणी : प्रथिनांच्या रचनेचा इतिहास



आज एका आकड्यापासून सुरुवात करू या. २८८. पाच वेळा दोन आणि दोन वेळा तीन घेऊन सगळे एकमेकांत गुणले, की २८८ येतात. १९३७ च्या सुमारास जगातल्या काही उत्तम रसायनशास्त्रज्ञांची अशी खात्री होत चालली होती, की अंड्याच्या पांढऱ्या भागातलं जे मुख्य प्रथिन आहे, त्यात बरोबर २८८ घटक असतात. शिवाय त्यांतला प्रत्येक प्रकारचा घटक ठरावीक अंतरानं, पाढे म्हटल्यासारखा पुन्हा पुन्हा येतो. कल्पना देखणी होती. ती चूक निघाली.

ही चूक का झाली, कोणी दाखवली, आणि ती गेल्यावर तिच्या जागी काय आलं, हा आजचा विषय. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. प्रयोगशाळेत आमचा हात कधी चालला नाही. तरी या विषयाकडे ओढले गेलो, कारण यात आमचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. जगातली कोणती गोष्ट बसल्या जागी तर्कानं कळू शकते, आणि कोणती उठून पाहिल्याशिवाय कळतच नाही? नैयायिकांच्या भाषेत सांगायचं तर अनुमान कुठवर चालतं आणि प्रत्यक्षाची गरज कुठे लागते? प्रथिनांच्या इतिहासात या प्रश्नाचं फार स्वच्छ उत्तर मिळतं. आणि ते उत्तर दोन तुकड्यांत येतं, हे त्यातलं विशेष.

प्रथम नावाबद्दल. 'प्रोटीन' हा शब्द १८३८ सालचा. डच रसायनशास्त्रज्ञ मुल्डर अंड्याचा पांढरा भाग, रक्तातलं फायब्रिन असे पदार्थ तपासत होते. स्वीडनच्या बर्झेलियस यांनी त्यांना पत्रातून हे नाव सुचवलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'पहिल्या स्थानाचा'. आपल्या 'प्रथिन' या शब्दातही 'प्रथम'चा ध्वनी कानाला लागतो, तेव्हा नाव छान जुळलं म्हणायचं. मुल्डर यांचं म्हणणं असं, की या सगळ्या पदार्थांच्या पोटी एकच मूळ द्रव्य आहे. त्याचं सूत्रही त्यांनी दिलं: ४० कार्बन, ६२ हायड्रोजन, १० नायट्रोजन, १२ ऑक्सिजन. त्यात गंधक आणि फॉस्फरस कमी-जास्त मिसळले, की वेगवेगळे पदार्थ होतात. जर्मनीच्या लीबिग यांनी हे सुरुवातीला उचलून धरलं, आणि पुढे तेच याचे कडवे विरोधक झाले. सूत्र गेलं, नाव राहिलं. पण एक गोष्ट इथेच ध्यानात ठेवा. विविधतेच्या मागे एक सोपं सूत्र असलंच पाहिजे, ही ओढ अगदी पहिल्या दिवसापासून आहे.

मग प्रथिन कशाचं बनतं? ते आम्लात उकळलं तर त्याचे लहान लहान तुकडे होतात. त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. ग्लायसिन हे १८२० मध्ये ब्राकोनो यांनी जिलेटिनमधून वेगळं केलं. प्रथिनांत सर्वत्र आढळणाऱ्या वीस अमिनो आम्लांपैकी शेवटचं, थ्रिओनिन, हाती लागलं ते १९३५ मध्ये. म्हणजे वीस अक्षरांची ही वर्णमाला पुरी व्हायला शंभराहून अधिक वर्षं लागली. प्रत्येक अमिनो आम्लाच्या मध्यभागी एक कार्बनचा अणू असतो. त्याला चार हात. एका हाताला अमिनो गट, दुसऱ्याला आम्ल गट, तिसऱ्याला हायड्रोजन, आणि चौथ्या हाताला जे काही असेल त्यावरून त्या आम्लाची ओळख. ग्लायसिनच्या चौथ्या हातातही हायड्रोजनच असतो, म्हणून ते सगळ्यांत लहान. हे लहानपण पुढे आपल्या कामाला येणार आहे.

हे तुकडे एकमेकांना कसे जोडलेले असतात, याचं उत्तर सप्टेंबर १९०२ मध्ये कार्ल्सबाद इथल्या एका परिषदेत मिळालं. तेही एकाच दिवशी दोघांकडून, आणि दोघांनी आपापल्या वाटेनं शोधलेलं. सकाळी फ्रान्झ हॉफमाइस्टर बोलले, दुपारी एमिल फिशर. एका अमिनो आम्लाचा आम्ल गट आणि दुसऱ्याचा अमिनो गट यांची गाठ बसते, आणि त्या गाठीतून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. हा पेप्टाइड बंध. अशा गाठी मारत गेलं, की माळ तयार होते. लहान माळेला पेप्टाइड म्हणायचं, मोठी माळ म्हणजे प्रथिन. 'पेप्टाइड' हे नाव फिशर यांनी पचनाच्या ग्रीक शब्दावरून घेतलं, आणि ते चपखल आहे. आपण वरण-भात खातो तेव्हा डाळीतल्या प्रथिनांच्या माळा पोटात तुटतात. बहुतेक मणी सुटे होतात, आणि डाळीतला क्रम पुसला जातो. आपलं शरीर ते मणी घेऊन आपली स्वतःची माळ ओवतं. मणी खाता येतात, क्रम खाता येत नाही. ही साधी गोष्ट मनात असली, की बाजारातल्या अनेक डब्यांवरच्या जाहिराती जरा शांतपणे वाचता येतात.

फिशर यांनी १९०७ पर्यंत अठरा मण्यांची माळ हातानं ओवून दाखवली. पंधरा ग्लायसिन, तीन ल्युसिन. पण खरी प्रथिनं याहून फार मोठी असतील, यावर त्यांचाही विश्वास बसत नव्हता. रेणुभार पाच हजारांच्या पलीकडे जाईल हे त्यांना संभवनीय वाटेना. आणि इथून एक मोठा वाद सुरू होतो, जो आमच्या मते नुसत्या रसायनाचा नाही. प्रथिन ही एक निश्चित वस्तू आहे का?

पुष्कळांचं म्हणणं होतं, की नाही. प्रथिन म्हणजे कलिल. खळ किंवा डिंकासारखं. लहान लहान रेणू एकत्र येऊन झालेला गोळा, ज्याला नेमकं सूत्र नाही, नेमका आकार नाही. प्रवाहातला भोवरा जसा दिसतो पण हातात घेता येत नाही, तसं काहीसं. या मताला धक्का देणारे दोन पुरावे १९२० च्या दशकात आले. स्वीडनमध्ये स्वेडबर्ग यांनी अतिवेगवान अपकेंद्रक यंत्र बनवलं आणि दाखवलं, की हिमोग्लोबिनचे सगळे कण एकाच वजनाचे आहेत, हायड्रोजनच्या अणूच्या सुमारे ६७ हजार पट. गोळा असता तर लहान-मोठे कण दिसले असते. दुसरा पुरावा अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या जेम्स समनर यांचा. मुलगा असताना शिकारीतल्या अपघातात त्यांचा डावा हात गेला होता, आणि ते मुळात डावखुरे. अशा माणसानं उजव्या हातानं सगळी नाजूक कामं शिकून १९२६ मध्ये एका जातीच्या शेंगांच्या बियांतून युरिएज नावाच्या एन्झाइमचे स्फटिक मिळवले, आणि ते प्रथिन आहे असं जाहीर केलं. जर्मनीतले मोठमोठे पंडित मान्य करेनात. पण स्फटिक तयार होण्यासाठी असंख्य सारखे रेणू ओळीत बसावे लागतात. भोवऱ्याचा स्फटिक होत नाही. समनर यांना नोबेल मिळालं ते वीस वर्षांनी, १९४६ मध्ये.

तेव्हा प्रथिन निश्चित वस्तू आहे, हे हळूहळू पटू लागलं. आता पुढचा प्रश्न आपोआप आला. माळेत मणी कुठल्या क्रमानं ओवलेले आहेत?

आता आपण त्या २८८ कडे परत आलो. मॅक्स बर्गमान हे फिशर यांचेच जुने सहकारी. ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये त्यांना जर्मनी सोडावी लागली, आणि ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत आले. तिथे कार्ल नीमान यांच्याबरोबर त्यांनी वेगवेगळ्या प्रथिनांत कुठलं अमिनो आम्ल किती प्रमाणात आहे ते मोजलं आणि एक नियम मांडला. रेशमाच्या प्रथिनात दर दुसरा मणी ग्लायसिन, दर चौथा ॲलनिन, दर सोळावा टायरोसिन. एकूण मण्यांची संख्या नेहमी दोन आणि तीन यांच्या गुणाकारातून येणारी. अंड्याच्या प्रथिनात २८८, हिमोग्लोबिनमध्ये ५७६. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये डोरोथी रिंच यांनी आणखी धाडसी सिद्धान्त मांडला. रिंच या गणितज्ञ. केंब्रिजला असताना बर्ट्रांड रसेल यांच्याकडे तर्कशास्त्र शिकलेल्या, म्हणजे आमच्याच घराण्यातल्या. त्यांच्या मते प्रथिन ही माळ नसून विणलेलं कापड आहे, आणि त्याची घडी घालून बंद पेटी तयार होते. त्या पेटीच्या एका आकारात किती घटक बसतात? बरोबर २८८.

दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला, तर तो खरा वाटणारच. आम्हाला वाटतं, त्या काळी आम्ही असतो तर आम्हीही विश्वास ठेवला असता. पण त्या वेळची मोजमापं ढोबळ होती. थोडा आकडा इकडे सरकवला, थोडा तिकडे, की तो दोन आणि तीनच्या पाढ्यात बसायचा. नैयायिक म्हणतात, धूर आणि अग्नी यांचं साहचर्य पुष्कळदा दिसलं एवढ्यावर व्याप्ती सिद्ध होत नाही. एकही अपवाद सापडत नाही हेही पाहावं लागतं. इथे अपवाद शोधायला लागणारं साधनच अजून कुणाकडे नव्हतं. रिंच यांच्या सिद्धान्तावर १९३९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी कठोर टीका केली, आणि त्या लेखात त्यांचे सहलेखक होते तेच नीमान.

साधन आणलं ते केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी. शांत, कमी बोलणारा माणूस. १९४३ पासून त्यांनी इन्सुलिन हाती घेतलं. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागल्यापासून ते औषध म्हणून शुद्ध स्वरूपात मिळत होतं, हे एक कारण. सँगर यांनी कोणताही नियम गृहीत धरला नाही. त्यांनी ठरवलं, की पहिला मणी कोणता ते पाहू, मग दुसरा.

माळेच्या ज्या टोकाचा अमिनो गट मोकळा असतो, त्याला चिकटणारं एक रसायन त्यांनी वापरलं. ते चिकटलं की पिवळा रंग येतो. मग माळ आम्लानं तोडायची आणि पिवळा मणी कोणता ते ओळखायचं. इन्सुलिनमध्ये दोन निरनिराळी पिवळी टोकं निघाली, म्हणजे माळा दोन प्रकारच्या. त्या गंधकाच्या पुलांनी जोडलेल्या होत्या. पूल तोडून माळा वेगळ्या केल्या. पुढे प्रत्येक माळेचे वेगवेगळ्या ठिकाणी तुकडे पाडले. हे तुकडे वेगळे करण्यासाठी मार्टिन आणि सिंज यांच्या संशोधनातून आलेली सोपी युक्ती होती: शोषकागदावर थेंब टाकायचा, द्रावण कागदातून चढू-उतरू द्यायचं, आणि प्रत्येक पदार्थ आपापल्या जागी थांबतो.

तुकड्यांवरून क्रम कसा कळतो? आपलं एक नाव घेऊ. 'पंढरपूर'. यातली अक्षरं सुटी करून नुसती मोजली, तर कळेल की 'र' दोनदा आहे, 'पं', 'ढ', 'पू' एकेकदा. नाव कळणार नाही. पण 'पंढ', 'ढर', 'रपू', 'पूर' असे तुकडे मिळाले, तर त्यांची टोकं एकमेकांवर ठेवून पूर्ण नाव लावता येतं. बर्गमान अक्षरं मोजत होते. सँगर तुकडे जुळवत होते. फरक एवढाच, आणि तोच सगळा फरक.

हान्स टुपी यांच्याबरोबर तीस मण्यांची एक माळ १९५१ मध्ये पूर्ण झाली. टॉम्प्सन यांच्याबरोबर एकवीस मण्यांची दुसरी १९५३ मध्ये. गंधकाचे पूल नेमके कुठे आहेत ते १९५५ मध्ये ठरलं. एकूण मणी ५१. एक्कावन्न म्हणजे तीन सत्ते एकवीस नव्हे, तीन सतरा एक्कावन्न. सतरा हा काही दोन-तीनच्या पाढ्यात बसत नाही. बारा वर्षांच्या कामानंतर जो क्रम समोर आला, त्यात कुठलंही आवर्तन नव्हतं, कुठलाही ताल नव्हता. सँगर यांनी सौम्य शब्दांत लिहिलं, की मण्यांच्या मांडणीचा सर्वसाधारण नियम यातून निघत नाही. बहुधा असा नियम नसावाच, प्रत्येक प्रथिनाची मांडणी त्याची स्वतःची असावी. आणि अंड्याचं ते प्रथिन? पुढे त्याचे मणी मोजले गेले तेव्हा ते ३८५ भरले. पाच, सात आणि अकरा यांचा गुणाकार. दोन नाही, तीनही नाही.

आता जरा थांबून विचार करू. क्रमाला नियम नाही, आणि तरीही गाईच्या इन्सुलिनच्या प्रत्येक रेणूत क्रम तोच. म्हणजे तो अव्यवस्थित नाही. तो निश्चित आहे, फक्त सूत्रातून निघत नाही. वीस प्रकारचे मणी ५१ जागी ठेवायचे तर शक्यता किती? एकावर सहासष्ट शून्यं ठेवा, त्याहून जास्त. त्यांतली ही एकच का? याचं उत्तर रसायनात नाही, इतिहासात आहे. सँगर यांच्या गटानं गाय, डुक्कर आणि मेंढी यांचं इन्सुलिन ताडून पाहिलं. लहान माळेतल्या आठव्या ते दहाव्या जागेवर तेवढा फरक, बाकी सारखं. माणसाचं आणि डुकराचं इन्सुलिन तर एकाच मण्यानं वेगळं. म्हणूनच आमच्या पिढीतल्या किती तरी मधुमेहींनी वर्षानुवर्षं गाई-डुकरांचं इन्सुलिन टोचून घेतलं आणि ते जगले. १९६५ मध्ये झुकरकँडल आणि पॉलिंग यांनी स्पष्टच म्हटलं, की हे रेणू उत्क्रांतीचे दस्तऐवज आहेत. ताम्रपट जसा वाचावा लागतो, कुठल्या गावाचं दान कुणाला मिळालं ते तर्कानं काढता येत नाही, तसा हा क्रम. तो वेगळा असू शकला असता. जसा आहे तसा घडत आला.

तर मग प्रथिनांत नियम नाहीच का? आहे. आणि इथे उत्तराचा दुसरा तुकडा येतो.

माळ सुटी लोंबकळत नाही. तिची घडी होते. अंडं उकडलं की पांढरा भाग घट्ट होतो. त्यात एकही मणी गळालेला नसतो, क्रम बदललेला नसतो. फक्त घडी विस्कटते आणि उलगडलेल्या माळा एकमेकींत गुंततात. म्हणजे प्रथिनाचे गुण नुसत्या क्रमात नाहीत, घडीत आहेत. या घडीचा पहिला मोठा नियम पॉलिंग यांनी पकडला. १९४८ मध्ये ऑक्सफर्डला सर्दीनं अंथरुणावर पडले असताना त्यांनी कागदावर माळ काढली आणि कागद दुमडून पाहिला. त्यांना एक गोष्ट ठाऊक होती: पेप्टाइड बंध ताठ आणि सपाट असतो, तो पिळला जात नाही. तेवढ्यावरून त्यांना सर्पिल सापडलं, ज्याला अल्फा हेलिक्स म्हणतात. एका वेढ्यात मणी किती? ३.६. गंमत पाहा. केंब्रिजचे ब्रॅग, केंड्रू आणि पेरुत्झ यांनी १९५० मध्ये हाच शोध घेतला होता. वेढ्यात पूर्णांक संख्याच असणार हे त्यांनी गृहीत धरलं, बंधाचा सपाटपणा लक्षात घेतला नाही, आणि शोध हुकला. २८८ ची बाधा अजून उतरली नव्हती.

आणि आता मद्रासला येऊ. जी. एन. रामचंद्रन, जन्म १९२२, एर्नाकुलमचे, सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. १९५२ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, ते मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्रमुख झाले. त्याच सुमारास बर्नाल हे शास्त्रज्ञ तिथे आले असता बोलण्यात निघालं, की कोलॅजेनची रचना अजून कुणाला नीट लागलेली नाही. कोलॅजेन म्हणजे चामडं, कंडरा, हाडातलं जाळं. आपल्या शरीरात सर्वाधिक असलेलं प्रथिन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेची क्ष-किरण चित्रं घेतली. १९५४ आणि १९५५ मध्ये त्यांनी रचना मांडली: तीन माळा, दोराचे तीन पदर वळावेत तशा एकमेकींभोवती. आतल्या अंगाला जागा इतकी थोडी, की तिथे फक्त सगळ्यांत लहान मणी मावतो. म्हणून दर तिसरा मणी ग्लायसिन. इथे आवर्तन आहे बरं का! पण ते आकड्याच्या मोहातून आलेलं नाही. जागेच्या अडचणीतून आलेलं आहे. या ग्लायसिनच्या जागी दुसरा मोठा मणी आला, तर दोर नीट वळला जात नाही, आणि काही मुलं ठिसूळ हाडं घेऊन जन्माला येतात.

या रचनेवर आक्षेप आला तो क्रिक आणि रिच यांचा. काही अणू एकमेकांच्या फार जवळ आले आहेत, असं होऊ शकत नाही. तपशिलातली त्यांची दुरुस्ती पुढे टिकली, तीन पदरांची मूळ कल्पनाही टिकली. पण आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. रामचंद्रन यांनी विचारलं: 'फार जवळ' म्हणजे किती जवळ? हा प्रश्न त्यांनी वादासाठी विचारला नाही, मोजण्यासाठी विचारला. लहान रेणूंच्या ज्या ज्या स्फटिकरचना माहीत होत्या, त्यांतून त्यांनी कोणते दोन अणू किती जवळ येऊ शकतात याची अंतरं गोळा केली.

मग युक्तिवाद असा. पेप्टाइड बंध तर ताठ आहे. तेव्हा प्रत्येक मण्यापाशी माळ फक्त दोन ठिकाणी फिरू शकते, दोन बिजागऱ्यांवर. त्या दोन कोनांना फाय आणि साय म्हणतात. एक कोन आडव्या रेघेवर घ्या, दुसरा उभ्या रेघेवर, आणि चौकोनातल्या प्रत्येक बिंदूपाशी विचारा: इथे अणू एकमेकांवर आदळतात का? रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्याबरोबर, टेबलावरच्या गणनयंत्रावर आकडेमोड करून, त्यांनी हा नकाशा १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. ग्लायसिन सोडलं तर चौकोनाच्या पाव भागापेक्षाही कमी जागा मोकळी. बाकी सगळी निषिद्ध. तेव्हा पूर्ण रचना ठाऊक असलेली प्रथिनं बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यानंतर लाखांवर रचना सापडल्या. त्यांतले मणी त्या मोकळ्या जागांतच, फार थोड्या अपवादांनी, बसतात. आजही कुणी नवी रचना मांडली, की ती तपासताना पहिल्यांदा रामचंद्रन नकाशा काढतात.

हा नकाशा कोणतं प्रथिन कसं दिसेल ते सांगत नाही. काय होऊ शकणार नाही, ते सांगतो. वैशेषिकांनी अभावाला पदार्थाचा दर्जा दिला, सातवा पदार्थ. पुष्कळांना ती शब्दांची कसरत वाटते. या नकाशातल्या रिकाम्या जागा पाहिल्या की वाटतं, अभावाचं ज्ञानही भरीव ज्ञान असतं. मराठीत शब्दाची सुरुवात 'ळ'नं होत नाही. हा नियम खरा आहे, पक्का आहे. पण त्यावरून तुम्ही 'पंढरपूर' हे नाव काढू शकणार नाही. नाव ऐकावंच लागेल. रामचंद्रन यांनी आपल्याला भाषेचा नियम दिला, सँगर यांनी नाव वाचायला शिकवलं. एकाचं काम दुसऱ्यानं होत नाही. (रामचंद्रन उत्तरायुष्यात तर्कशास्त्राकडे वळले, जैनांच्या स्याद्वादाला गणिती रूप देऊ लागले, याचं त्यामुळे आम्हाला नवल वाटत नाही.)

क्रम आणि घडी यांना जोडणारा दुवा अमेरिकेच्या ख्रिश्चन अन्फिन्सन यांनी दाखवला. रायबोन्युक्लिएज नावाचं १२४ मण्यांचं प्रथिन. त्यात गंधकाचे चार पूल, म्हणजे आठ टोकं. आठ टोकांच्या जोड्या लावण्याचे १०५ मार्ग आहेत, आणि त्यांतला एकच बरोबर. अन्फिन्सन यांनी सगळे पूल तोडले, घडी पूर्ण उलगडली. मग उलगडणारं रसायन काढून घेतलं आणि हवा लागू दिली. प्रथिन आपण होऊन पुन्हा त्याच घडीत आलं, त्याच पुलांसह, आणि कामाला लागलं. कुणी साचा दिला नव्हता. म्हणजे क्रम एकदा ठरला, की घडी त्या परिस्थितीत क्रमाच्याच पोटातून निघते.

तर आमच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर असं दिसतं. क्रम हा इतिहास आहे. तो वाचावा लागतो. घडी हा नियम आहे. तिला अणूंच्या आकाराच्या, अंतराच्या मर्यादा आहेत, आणि त्या विचारानं काढता येतात. जगात दोन्ही आहे. चूक होते ती एकाच्या जागी दुसरं शोधल्यानं.

यात नुसता पंडितांचा वाद नाही. विदर्भात, गडचिरोलीत, नंदुरबारच्या पाड्यांवर सिकलसेलचे रुग्ण आहेत. सांधे-हाडांच्या वेदनेनं तळमळणारी लहान मुलं तिथल्या घरांना परिचित आहेत. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये केंब्रिजला शोधून काढलं, की या रुग्णांच्या हिमोग्लोबिनच्या एका माळेत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आहे. माळ १४६ मण्यांची. त्यातला एक बदलला. पहिला मणी विद्युतभारित, पाण्यात रमणारा. दुसरा तेलकट, पाणी टाळणारा. त्या एका तेलकट जागेमुळे प्राणवायू सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या होतात, रक्तपेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक वाहिन्या तुंबतात. सहाव्या जागी काय आहे, हे कुठल्याही पाढ्यातून निघालं नसतं. कुणी तरी मणी मोजत, वाचत तिथवर जाणं भाग होतं.

शेवटी आजचं. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांपैकी हसाबिस आणि जंपर यांना ते अल्फाफोल्डसाठी मिळालं. क्रम दिला की घडी सांगणारी ही संगणकप्रणाली. पुष्कळांना वाटलं, आता सूत्र सापडलं, पाहण्याची गरज संपली. पण ती प्रणाली शिकली कशावर? १९७१ पासून जगभरच्या लोकांनी एकेक करून शोधलेल्या आणि एका भांडारात जमा केलेल्या रचनांवर. आणि नाना जीवांतल्या नात्यातल्या प्रथिनांचे क्रम शेजारी शेजारी ठेवून. म्हणजे पुन्हा वाचलेलाच इतिहास. पन्नास वर्षांचं प्रत्यक्ष पोटात घेतल्यावर ते अनुमान उभं राहिलं आहे.

डोरोथी रिंच यांच्यावर अन्याय नको. त्यांनी कल्पिलेला बंध प्रथिनांत नाही. पण पुढे, १९५० च्या दशकात, राय या धान्यावर वाढणाऱ्या अर्गट बुरशीच्या द्रव्यांत तसा बंध खरोखर सापडला. त्यांचा तर्क अशक्य गोष्टीचा नव्हता. शक्य गोष्टीला त्यांनी घडलेली गोष्ट मानलं, एवढंच. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांची ही नेहमीची वाट चुकण्याची जागा आहे, म्हणून आज इतक्या आवर्जून ती दाखवली.